न सापडलेल्या पानांची यादी

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या रस्त्यावर कूलर दुरुस्त करणारे फिरू लागतात. हातगाडीवर वाळ्याच्या ताट्या रचलेल्या असतात, मागे पंप आणि प्लास्टिकच्या नळ्यांची पिशवी लटकलेली असते. कोरड्या ताटीला फारसा वास नसतो. पहिली बादली अंगावर पडली की तो सुटतो आणि जिन्यापर्यंत येतो. आमच्या कार्यालयातल्या कूलरला काल नव्या ताट्या बसल्या. आज सकाळी त्याच्या टाकीत सहा बादल्या पाणी ओतलं, संगणक सुरू केला आणि रोजचं पान उघडलं.

हे पान वाचकांसाठी नाही. आमचं बातम्यांचं संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेलं आहे, त्याचा ताबा देणारं हे पान आहे. त्याला कंट्रोल पॅनेल म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात वाचकांची नोंद असते. आज किती जण आले, कोणत्या वेळी आले, कोणतं पान उघडलं, किती वेळ थांबले. प्रत्येक तासाला एक निळा खांब. थंडीत हे खांब सकाळी आणि संध्याकाळी उंच असतात. उन्हाळ्यात दुपारचे वाढतात, कारण बारा ते चार या वेळात नागपूर घरात असतं आणि हातात फोन असतो. खिडकीला ओला पडदा लावायच्या आधी दोन-चार दिवस ऋतू या आलेखात उतरलेला असतो.

दर वर्षी हे खांब असे सरकले की एक जुना उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आमच्यापुढे प्रश्न एकच होता. टँकरच्या वेळा सांगणारं एक पान ठेवायचं की काढायचं? निकाल याच पॅनेलवरच्या आकड्यांवरून लागला, आणि तो चुकीचा लागला.

आम्ही सगळे छापील कागदावर वाढलेली माणसं. आमचं सायंदैनिक बंद पडल्यावर त्यातले आम्ही मोजके जण याच इमारतीतल्या दोन खोल्यांत आलो आणि संकेतस्थळ काढलं. संपादक मोहरील साहेब तेच राहिले. त्यांच्या टेबलावरची काच आणि काचेखालची पिवळी पडलेली जुनी पहिली पानंही आली. खाली दाराशी एक लाकडी फळा होता, तो तिथंच राहिला. सायंदैनिकाच्या काळात रोज चार वाजता शिपाई त्याच्यावर त्या दिवशीचा अंक खळीनं चिकटवायचा. पुढची दोन पानं एका बाजूला, मागची दोन दुसऱ्या बाजूला. रिक्षावाले, बँकेतून सुटलेले कारकून, औषधाच्या दुकानातली मुलं तिथं उभं राहून वाचत. एखादा मोठ्यानं वाचायचा आणि मागचे ऐकायचे. तो अंक खपात एक म्हणून धरला जाई. वाचणारे किती, हे कोणी मोजलं नव्हतं, पण विचारलं असतं तर आमच्यापैकी कोणीही हसत सांगितलं असतं की शंभराच्या खाली नाहीत.

कंट्रोल पॅनेल हाती आलं तेव्हा आम्हाला त्याची भाषा येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात सर्वांत मोठा आकडा 'हिट्स' या शब्दापुढे दिसला आणि तेवढे वाचक आले असं आम्ही धरून चाललो. मोहरील साहेबांनी संत्रा बर्फी मागवली. संकेतस्थळ उभं करून देणारा नितीन दुसऱ्या दिवशी आला, त्यानं उरलेल्या बर्फीचा तुकडा उचलला आणि विचारलं, "कशाची आहे?"

"चाळीस हजार वाचकांची," साहेब म्हणाले.

नितीननं पडद्याकडे पाहिलं. "सर, एका पानात तीस फोटो असले ना, तर ते पान एकदा उघडलं की एकतीस हिट्स पडतात. हे वाचक नाहीत. वाचक हे इथं खाली आहेत." त्यानं बोट ठेवलं तो आकडा साडेतीनशेच्या आसपास होता.

"बर्फी तर खाल्ली गा आम्ही," कोणीतरी म्हणालं.

या फजितीचा परिणाम दूरवर गेला. आकड्यांनी एकदा फसवलं म्हणून आम्ही आकड्यांपासून दूर गेलो असतो तर बरं झालं असतं. उलट आम्ही फार काटेकोर झालो. 'वेगळे पाहुणे' या रकान्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही असं ठरलं. यंत्रंही पानं उघडत फिरतात, त्यांना रोबो म्हणतात, हेही नितीननं सांगितलं होतं. त्यामुळे संशयास्पद वाटेल त्याला रोबो ठरवून वजा करायची सवय लागली. दर सोमवारी मी पॅनेलवरून तक्ता काढायचा, साहेबांनी तो वाचायचा आणि कोणत्या विभागावर किती मेहनत घ्यायची ते ठरवायचं. काम मला दिलं गेलं कारण माझं अक्षर चांगलं होतं. तक्ते आम्ही अजून हातानं लिहीत होतो.

टँकरचं पान संगीता रामटेके लिहीत होती. ती उमरेडहून रोज एसटीनं यायची. सायंदैनिकात ती उमरेडची बातमीदार होती. खाणीतले अपघात, बाजार समिती, शाळेचे निकाल, सगळं तिनं केलं होतं. संकेतस्थळावर आल्यावर तिनं स्वतःहून हे पान सुरू केलं. उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांना टँकरनं पाणी जातं. वेळापत्रक असतं, पण टँकर भरतात तिथं वीज गेली, रांग लागली, टायर बसला की वेळ दोन-दोन तास सरकते. संगीतानं सोळा टँकरचालकांचे नंबर मिळवले होते. आदल्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये ती त्यांना एकेक फोन करायची आणि उद्याच्या वेळा वहीत उतरवायची. पहाटे उठून परत दोघा-तिघांना विचारायची आणि साडेपाचच्या सुमाराला पान ताजं करायची.

पान दिसायला अगदी साधं होतं. वस्तीचं नाव, गल्लीची खूण, वेळ. फोटो नाही, मथळा नाही. "वाडी, ट्रान्सपोर्ट गोडाऊनच्या मागची गल्ली: साडेनऊ ते दहा." अशा वीस-बावीस ओळी.

बसमधल्या फोनमुळे शेजारी बसलेल्यांना तिचा धंदा पाण्याचा आहे असं वाटायचं. एकदा एका बाईनं तिला आपल्या लग्नघरासाठी टँकर सांगितला. संगीतानं तो खरोखरच ठरवून दिला आणि कार्यालयात येऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "संगीताबाई, पत्रकारितेपेक्षा हे बरं चाललं तुमचं."

"पत्रकारितेत तरी काय करून राहिली सर मी? पाणी कुठं आहे तेच तर सांगून राहिली."

मे महिन्याचा चौथा सोमवार होता. बैठक कूलरसमोर व्हायची, कारण तो खोलीतला एकमेव थंड भाग होता. पंपाचा आवाज मोठा असल्यामुळे सगळे जरा चढ्या आवाजात बोलत. मी तक्ता वाचत गेलो. गुन्हे, निकाल, तापमान, सोन्याचा भाव. शेवटी टँकर आलं.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"अकरा."

"अकराशे?"

"अकरा."

साहेबांनी वाकून तक्त्यातला आकडा स्वतः पाहिला.

"त्यातले आपले किती?" साहेब म्हणाले.

आपले म्हणजे कार्यालयातले. संगीता स्वतः पान तपासायला उघडायची, मी उघडायचो, नितीन कधीमधी. तीन वजा केले. उरले आठ. त्या आठांत एक पाहुणा मला खटकत होता आणि तो मी बैठकीत सांगितला. तो रोज न चुकता यायचा, रोज एकाच वेळी, रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी. टँकरचं पान उघडायचा, दुसरं काहीही न पाहता निघून जायचा.

"रात्री पाऊण वाजता टँकरची वेळ कोण पाहतं?" साहेब म्हणाले. "आणि रोज त्याच मिनिटाला? माणूस नाही तो. रोबो आहे."

मलाही तसंच वाटत होतं. मी त्या नोंदीपुढे रोबो असं लिहिलं आणि सातचा आकडा केला.

संगीता म्हणाली, "सर, सात तर सात. लोक वाचून राहिले ना."

"संगीताबाई, सात लोकांसाठी तुम्ही रोज सोळा फोन करता. संध्याकाळ जाते, पहाट जाते. काहून एवढं? तेवढ्या वेळात उमरेडच्या दोन चांगल्या बातम्या होतील तुमच्या."

"मांडव घातला आणि सातच पाहुणे आले, तर जेवण झाकून ठेवता का सर तुम्ही?"

"नाही. पण पुढच्या वर्षी एवढा मोठा मांडव घालत नाही."

साहेब वाईट बोलले नव्हते. आकडा खरा असता तर त्यांचं म्हणणंही बरोबर ठरलं असतं. पान काढायचं ठरलं. काढायला पॅनेलमध्ये दोन वेळा बटण दाबावं लागतं. एकदा काढण्यासाठी, एकदा नक्की का म्हणून विचारल्यावर. दोन्ही वेळा मीच दाबलं.

"तुम्हीच काढलं का भाऊ?" संगीतानं नंतर विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

दुसऱ्याच दिवशी नवतपा सुरू झाला. उन्हाळ्याचे ते सर्वांत कडक नऊ दिवस नागपुरात कॅलेंडरवर वेगळे छापायची गरज नसते. सकाळी आठलाच ऊन टोचू लागतं. मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळतात, रसवंतीवाल्याच्या टेबलावर ओलं फडकं पडलं तर दोन मिनिटांत वाळतं. डांबर मऊ होतं आणि चपलेला चिकटून आवाज करतं. आमच्या आलेखातला सकाळी आठचा खांब त्या दिवसांत सर्वांत उंच गेला. तापमानाची बातमी सगळ्यांत जास्त वाचली जात होती. जे लोक घरात बसून ऊन सोसत होते तेच ऊन किती आहे हे वाचत होते. आम्ही दर तासाला नवा आकडा टाकत होतो. साहेब खुशीत होते.

पॅनेलमध्ये एक यादी आहे तिच्याकडे कोणी पाहत नाही. न सापडलेल्या पानांची यादी. कोणी जुना किंवा चुकीचा पत्ता उघडला तर त्याला 'हे पान उपलब्ध नाही' असा मजकूर दिसतो, आणि इथं त्याची नोंद पडते. वर्तमानपत्राच्या माणसाला वाचलं गेलेलं मोजायची सवय असते. मागून न मिळालेलं मोजायची जागाच छापखान्यात नव्हती. विक्रेत्याकडे अंक संपला आणि कोणी रिकाम्या हातानं परत गेलं, तर ती गोष्ट आमच्यापर्यंत येत नसे.

नवतप्याच्या शेवटच्या दिवशी मी ती यादी उघडली, तीही दुसरंच काही शोधताना. एकच पत्ता लागोपाठ नऊ दिवस होता. टँकरचं पान. रोज निदान एक नोंद. वेळ तीच, बारा चाळीस. काही दिवशी बारा चाळीस, बारा एकेचाळीस आणि बारा चव्वेचाळीस अशा तीन-तीन.

मी संगीताला बोलावून दाखवलं. "तो रोबो हट्टी दिसतो."

तिनं चष्मा वर केला आणि यादी खालून वर वाचली. "भाऊ, यंत्राले एकदा नाही म्हटलं तर ते दुसरीकडं जाते. हे रोज परत येऊन विचारून राहिलं. वरून तीन-तीनदा. हे यंत्र नाही. हे माणूस आहे."

"कोण?"

"ते तुमचं मशीन सांगत नाही का?"

मशीन फोनची कंपनी सांगत होतं, शहर सांगत होतं. माणूस सांगत नव्हतं. संगीतानं पिशवीतून वही काढली. तेव्हा कळलं की तिनं फोन करणं थांबवलंच नव्हतं. पान नसताना नऊही दिवस ती बसमध्ये सोळा चालकांना वेळा विचारत होती आणि वहीत लिहीत होती. कशासाठी, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता ती त्यांना एकेक करून विचारू लागली की माझं पान कोण पाहत होतं काही माहीत आहे का. तिघांना माहीत नव्हतं. चौथे रफीकभाई, वाडीच्या भागात जाणारे. फोन स्पीकरवर होता.

"ताई, तुम्हीच विचारून राहिल्या का? मीच करणार होतो फोन. ते पान बंद काहून केलं? वाडीच्या बेबीताई मले शिव्या घालून राहिल्या ना. म्हणते, टाइम काहून बदलवला अन् सांगितलं नाही. अरे, मी थोडीच लिहितो ते!"

"बेबीताई कोण, रफीकभाई?"

"फळ्यावाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता आणि मी वाडीला गेलो. अमरावती रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक उभे होते. चाकांखाली दगड लावून क्लीनर सावलीत झोपले होते. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनच्या मागे एक लांब गल्ली होती. एका ओळीत भाड्याच्या खोल्या, प्रत्येक दारापुढे निळा ड्रम, ड्रमवर ताट किंवा फळी झाकलेली. गल्लीच्या तोंडाशी गोडाऊनच्या भिंतीवर काळा रंग दिलेला पत्रा ठोकला होता. वरच्या अर्ध्या भागात गोडाऊनच्या मुनशीनं खडूनं गाड्यांचे नंबर लिहिले होते, पुढे अकोला, धुळे, रायपूर. मध्ये एक आडवी रेघ. रेघेखाली वेगळ्या, मोठ्या अक्षरात एकच ओळ होती.

"पाणी: माहीत नाही."

ती ओळ वाचून आम्ही दोघं थांबलो. पंचवीस वर्षं बातम्या लिहिल्या, पण इतकं खरं वाक्य आम्ही कधी छापलं नव्हतं.

बेबीताई साठीच्या आतबाहेरच्या होत्या. ट्रकवाल्यांना जेवणाचे डबे द्यायच्या. खोलीच्या बाहेर बसून त्या परातीत कणीक मळत होत्या आणि पाणी वाटीनं मोजून घालत होत्या. संगीतानं आपण कोण ते सांगितलं.

"तूच का वं ती?" त्यांनी हात न थांबवता विचारलं. "मले वाटलं कोणी साहेब असन. मंग बंद काहून केलं?"

संगीता माझ्याकडे पाहू शकली असती. तिनं पाहिलं नाही. मीच सांगितलं की वाचणारे कमी होते म्हणून पान काढलं.

"कमी? किती?"

"सात."

बेबीताईंनी कणकेचा हात परातीच्या कडेला पुसला. "ह्या गल्लीत चाळीस खोल्या आहेत. मागच्यात अजून तीस. सगळ्यांजवळ फोन आहे, पण सकाळी कोणाले टाइम आहे? बाया सातले गोडाऊनमध्ये जाते. म्हणून मी पाहते अन् लिहिते. जो-तो जाता-जाता वाचते. टाइम पाहून घरी कोण थांबन ते ठरवते. तुम्ही मले एक पकडलं का?"

मी म्हणालो, हो, एक. मग खरं ते सांगितलं की एकही धरलं नव्हतं. यंत्र समजून वजा केलं होतं.

"यंत्र?" त्या हसल्या. पुढचा एक दात नव्हता. "ऐकलं का वं शोभा, मी यंत्र आहे म्हणते हे भाऊ." शेजारच्या दारातून कोणीतरी ओरडलं, "मंग रोज तेल टाकत जा माय!"

हसणं संपल्यावर त्यांनी नऊ दिवसांचा हिशेब सांगितला. टँकर एक दिवसाआड येतो. पान दिसेनासं झालं तेव्हा त्यांना वाटलं आपलाच फोन बिघडला. दुकानात दाखवून आणला. तोवर फळ्यावर जुनीच वेळ होती, अकरा. टँकर साडेनऊला येऊन गेला. पाण्यासाठी थांबणारे अकराच्या हिशेबानं दहाला कामावरून आले. ती खेप गेली. पुढची खेपही तशीच गेली. चार दिवस ड्रम कोरडे राहिले. पलीकडच्या पेट्रोल पंपावरून कॅननं पाणी आणलं, एका बाळंतिणीच्या घरी आधी दिलं. तिसऱ्या खेपेपासून प्रत्येक खोलीतलं एक माणूस सकाळपासून दारात बसू लागलं. "ज्यांचा दिवस गेला त्याइचा गेला. मी फळा पुसला अन् हे लिहिलं. खोटा टाइम कायले ठेवू?"

"तुम्ही रोज किती वाजता पाहता?" मी विचारलं.

"सहा वाजून दहा मिनटाले. सहाले चूल पेटवते, चहा टाकते. उकळी येईपर्यंत पाहते."

मनात आकडेमोड झाली. सहा दहामधून साडेपाच तास वजा केले की बारा चाळीस. पॅनेलचं घड्याळ आपलं नव्हतं. तो संगणक दुसऱ्या देशात होता आणि तिथली वेळ दाखवत होता. वेळ बदलून घ्यावी लागते हे नितीननं सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. सकाळी आठची म्हणून आम्ही जी गर्दी धरत होतो ती दुपारी दीडची होती. त्या गर्दीसाठी ठळक बातम्या आम्ही रोज आठला टाकत होतो आणि त्या साडेपाच तास वाट पाहत पडून राहत होत्या. पण या चुकीनं कोणाचं काही रिकामं राहिलं नव्हतं. बारा चाळीसच्या चुकीनं सत्तर ड्रम रिकामे राहिले.

संगीतानं वही उघडली आणि बेबीताईंना उद्याची वेळ सांगितली. त्या उठल्या, ओल्या फडक्यानं रेघेखालचा भाग पुसला. पत्रा तापलेला होता. ओल उडायला वेळ लागला नाही. त्यांनी लिहिलं, "पाणी: उद्या सव्वादहा." अक्षर मोठं, सरळ, दोन शब्दांत नीट अंतर. दहा पावलांवरूनही वाचता यावं असं. सदरमध्ये आमचा शिपाई अंक चिकटवताना असाच मागे जाऊन पाहायचा की वाकडा तर लागला नाही.

परतीच्या रस्त्यात संगीता म्हणाली, "आपल्या दाराशी फळा होता भाऊ, अन् आपणच विसरलो."

कार्यालयात आल्यावर मी साहेबांना सगळं क्रमानं सांगितलं, बातमी सांगतात तसं. कोण, कुठं, कधी, किती. कूलरचं पाणी संपलं होतं आणि पंप कोरडा ओढत होता; त्यांनी उठून तो बंद केला. "पान परत टाका," ते म्हणाले. मग जागेवर येऊन, "आणि ते घड्याळ आधी दुरुस्त करा."

काढलेलं पान परत आणायला एकदाच बटण दाबावं लागतं. नक्की का, असं ते विचारत नाही.

संध्याकाळी साहेब जिना उतरून खाली गेले आणि दाराशी त्या लाकडी फळ्यापुढे काही वेळ उभे राहिले. त्यावर आता शिकवणीवर्गाची जाहिरात लागलेली होती. नंतरच्या सोमवारपासून तक्त्यात एक रकाना वाढला. साहेबांनीच आखला. 'वेगळे पाहुणे' याच्या शेजारी, 'पुढे कोणाला सांगतात'. पॅनेल तो भरून देत नाही. तो फोन करून भरावा लागतो, आणि संगीता तो भरते. त्यातून कळलं की उरलेल्या सातांमध्ये एक किराणा दुकानदार होता, जो वेळ बिलाच्या मागे लिहून काउंटरवर ठेवायचा. एक शाळेतली शिपाईबाई होती. एक मशिदीजवळचा सायकलवाला. बाकीच्या चौघांचा पत्ता लागला नाही.

त्या गोष्टीला आता काही उन्हाळे झाले. घड्याळ बरोबर आहे. एप्रिल ते जून मी आकड्यांच्या आधी सहा वाजून दहा मिनिटांची नोंद पाहतो, मग न सापडलेल्या पानांची यादी पाहतो. सवय आहे. पहिल्या वर्षी ती नोंद एकदाही चुकली नाही. दुसऱ्या वर्षी एक दिवस ती सहा पस्तीसला आली. संगीतानं फोन केला तेव्हा कळलं की गॅस संपला होता आणि चहा उशिरा झाला.

या वर्षी पान सुरू होऊन दहा दिवस झाले. सहा दहाची नोंद आलेली नाही. सहा पस्तीसची नाही, सातची नाही. दुसरी यादीही पाहिली. तिथंही नाही. म्हणजे बेबीताई शोधताहेत आणि त्यांना सापडत नाही, असंही नाही. आकड्यांना एवढंच सांगता येतं.

आज सकाळच्या बैठकीत तक्ता वाचताना साहेबांनी विचारलं, "टँकर किती?"

"दहा."

"मागच्या वर्षी अकरा होते ना?"

"एक कमी झाला. वाडीचा."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचं वय झालंय आता, पण तो एक कोण हे त्यांना विचारावं लागलं नाही. खोलीत नव्या ताट्यांचा वास होता. संगीतानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बराच वेळ वाजला. मग भांड्यांचा आवाज आला आणि मागोमाग बेबीताईंचा.

"बोल वं."

"ताई, पान पाहून नाही राहिल्या तुम्ही? बरं आहे ना सगळं?"

"आता कायले पाहू? गल्लीत नळ आला ना! होळीच्या आधीच आला. सकाळी एक तास येते, पण येते."

"मग फळा?"

"फळा आहे. जागा कायले सोडू? आता डब्याची भाजी लिहिते ना खाली. पोट्टे ट्रकवरूनच वाचून घेते."

"आज काय लिहिलं?"

"भरली वांगी," बेबीताई म्हणाल्या. "अन् तू येत नाहीस तर सांगू कायले."

फोन बंद झाला. साहेबांनी तक्ता पुढे ओढला आणि दहाच्या शेजारच्या रकान्यात, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात, "नळ आला" असं लिहिलं. मग पान उलटलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत वाचक घटला आणि तो परत कसा आणायचा हे कोणी विचारलं नाही, असं पहिल्यांदा झालं.